मदत हवी आहे: खाजनावरचं कोलाज लोकांना भलतंच कळतंय

तिसवाडीची
चवथीच्या आत संपवायचंय म्हणून सरळ विचारते. इथे गोव्यात आमच्या गावातली खाजनं, म्हणजे बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवलेली भातशेतं, एकेक करून विकली जातायत, त्यावर कोलाज करतेय. भेगा पडलेली जमीन, बुलडोझर, मेलेले मासे, वर पाचशेच्या नोटा, कोपऱ्यात डोक्याला हात लावून बसलेला शेतकरी. कातरकाम स्वच्छ झालंय. पण ज्याला दाखवावं तो म्हणतो, "छान! पर्यावरण वाचवा, ना?" मला तसलं पोस्टर नकोय. आमच्याच खाजनाची गोष्ट कळायला हवी. काय बदलू?

बाइंडर
कागद कुठला? वर्तमानपत्राच्या कागदावर फेव्हिकॉल जाड लावला की सुरकुत्या आल्याच. मैद्याची खळ करा, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. पातळ हात, वर कोरा कागद ठेवून मधून कडेला दाबत न्या आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. मोरचूद विषारी असतं, खळीचं भांडं स्वयंपाकात परत वापरू नका.

तिसवाडीची
चिकटवण्याबद्दल विचारलेलंच नाही. अजून सगळं टाचण्यांवर आहे. प्रश्न अर्थाचा आहे.

फोंड्याहून
ताई, आकार केवढा? लावणार कुठे? हातात घेऊन बघायचंय की लोक चालता चालता बघणार? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

तिसवाडीची
२२ बाय ३० इंच. देवळाच्या सभामंडपात, चवथीच्या दिवसांत.

फोंड्याहून
मग पाच वस्तू फार झाल्या. दर्शनाला आलेला माणूस दोन घटका थांबला तरी खूप. एकच मोठी आकृती ठेवा.

नियमाने_चला
नोटांचं काय करताय? नोटेसारखा दिसणारा कागद छापणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहिता कलम १८२, दंड ३०० रुपयांपर्यंत. आधी नोटा काढा.

दिवाडकर
नोटा राहू द्या बाजूला, भेगा आधी काढा. खाजन मरतं तेव्हा भेगा पडत नाहीत हो! बांध फुटतो, खारं पाणी आत येतं, कोरगुट भात कुजतं आणि दोनेक पावसाळ्यांत खारफुटी उभी राहते. भेगाळलेली जमीन म्हणजे दुष्काळ, आणि आमच्याकडे तर पाणीच पाणी. तुमचं चित्र बघून माणसाला दुसराच कुठला तरी मुलूख आठवणार. म्हणून तो "पर्यावरण" म्हणतो.

कांदळवन
खारफुटी आली म्हणजे जमीन मेली, हे कुणी सांगितलं? तिथेच मासे वाढतात. २०११ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी तरतूद आहे, तीत खाजनाकाठची खारफुटी राखायला सांगितलंय.

दिवाडकर
त्याच तरतुदीत खाजनात बांधकामाला परवानगी नाही, असंही आहे, ते का गाळता? खारफुटी नदीकाठी असावी, भाताच्या कुणग्यात नव्हे. मुद्दाम बांध फुटू द्यायचा, शेत पडीक झालं म्हणायचं आणि मग विकायचं, हे आम्ही डोळ्यांनी बघतोय.

कांदळवन
बांध कुणी राखायचा, यावर बोला मग. कुळांच्या संघटनेची वर्गणी किती जण देतात?

पिक्सेल
एवढा खटाटोप कशाला? एआयला दोन ओळी लिहा, मिनिटात चित्र तयार.

कागदकात्री
पिक्सेल, त्यांच्या बांधावरच्या मानशीचा, म्हणजे पाण्याच्या दारांचा, फोटो एआयकडे कुठून असणार? ताई, दिवाडकरांचं ऐका. त्याला जोडून सांगते. तुम्ही वस्तू शेजारी शेजारी ठेवल्यात. त्याने यादी होते, रूपक होत नाही. एक वस्तू दुसरीच्या जागेवर बसवा, तिचं काम तिला करायला लावा. जॉन हार्टफील्ड या जर्मन कलाकाराने १९३२ मध्ये भाषण करणाऱ्या हिटलरच्या छातीचा एक्सरे दाखवला आणि मणक्यांच्या जागी नाण्यांची चळत लावली. माणूस कशाच्या बळावर उभा आहे, ते एका नजरेत कळतं. तुमच्या खाजनात कण्याच्या जागी काय आहे?

दिवाडकर
मानस! भरतीला बाहेरचं पाणी दारांना दाबतं आणि ती आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून उघडतं. खाजन या दोन फळ्यांवर जगतं.

पुण्यातून
मग फळ्यांच्या जागी सातबारा लावा. मस्त दिसेल.

दिवाडकर
गोव्यात सातबारा नसतो. आमच्याकडे एक-चौदाचा उतारा.

डिचोलीची
मी म्हणेन माटोळी करा, चवथीला गणपतीच्या वर टांगतो ती. वर लाकडी चौकट, नारळ, सुपारीचा घोस, आंबाडे, चिबूड, तोरिंग, आणि मध्येच बांधून टांगलेले फ्लॅट. सभामंडपात लोकांची नजर आधी माटोळीवरच जाते. आमच्याकडे यंदा माटोळीला लागणारी कवंडळं, ती रानफळं, मिळतील की नाही, शंकाच आहे. रानात जाणारी माणसंच उरली नाहीत. कुणाला बाजारात दिसली तर इथे कळवा.

नियमाने_चला
देवळात असले विषय आणू नयेत. समितीची परवानगी घेतलीत का?

डिचोलीची
नव्याच्या पंचमीला देवापुढे कणसं ठेवतो, ती शेतातूनच येतात ना? मग शेताचा विषय देवळात का नको?

तिसवाडीची
परवानगी आहे. माटोळीची कल्पना सुंदर आहे, पण तिच्यावर वेगळं चित्र करेन. दोन्ही एकत्र केलं तर पुन्हा यादीच होईल. भेगा, बुलडोझर, नोटा, शेतकरी सगळं काढलं. आमच्या मानशीचा मी काढलेला फोटो मोठा केला. तिच्या दोन्ही फळ्या एक-चौदाच्या झेरॉक्सच्या पट्ट्यांनी केल्या. एक फळी भरतीतही अर्धी उघडी आहे, कागद भिजून वाकलाय आणि पाणी आत शिरतंय. उतारा आमच्याच जमिनीचा आहे, तरी नावं कापून टाकली. शेजारच्या काकी बघून म्हणाल्या, "ही आमची मानस. दार का मिटत नाही?" मला हेच हवं होतं!

कागदकात्री
पट्ट्या फळीच्या लाकडाच्या रेषांच्याच दिशेने लावा. लांबून फळी दिसू दे, जवळ गेल्यावर अक्षरं.

तिसवाडीची
तशाच लावल्यात. आता @बाइंडर, खळीने झेरॉक्सची शाई पसरेल का? सभामंडप तिन्ही बाजूंनी उघडा आहे, पाऊस असणार.

बाइंडर
झेरॉक्सची शाई पाण्याने पसरत नाही. फोटो घरच्या इंकजेटवर काढलाय की दुकानात? इंकजेटचा असेल तर खळ त्याच्याजवळही नेऊ नका, दुकानातून लेझर प्रिंट काढून घ्या. आणि आधी एक तुकडा चिकटवून वाळवून बघा.

तिसवाडीची
इंकजेटचाच आहे. उद्या पणजीत जाऊन लेझर काढते.