शाश्वत विकासाचं ट्रेनिंग झालं, आता गावात पहिलं काम कुठलं धरायचं?

बालाघाटची_लेक
नमस्कार मंडळी, प्रश्न आईसाठी विचारतेय. ती मागच्या निवडणुकीत ग्रामपंचायत सदस्य झाली. गाव डोंगरपट्ट्यात, बीड जिल्हा, लोकसंख्या २ हजाराच्या आसपास. मागच्या आठवड्यात शाश्वत विकासाचं ट्रेनिंग झालं, आई दिवसभर बसून आली आणि येताना एक फाईल, एक पेन आणि अर्धी पिलेली प्लास्टिकची पाणी बाटली घेऊन आली (असो). फाईलीत नऊ संकल्पना आहेत, गरिबीमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही, जलसमृद्ध, स्वच्छ आणि हरित, असं करत करत सुशासन आणि महिलास्नेही गावापर्यंत, त्यातली एक-दोन धरून ग्रामसभेत ठराव घ्या म्हणालेत. आता सरपंचांनी आधीच ठरवून टाकलंय की स्वच्छ आणि हरित घेऊ, ५०० झाडं लावू आणि राहिलेल्या पैशात पारासमोर पेव्हर ब्लॉक. झाडं आम्ही दरसाल लावतो, त्याच खड्ड्यात. मार्च लागला की टँकर. आईचं म्हणणं एवढंच की पैसा थोडा, सही करायला हात बरेच, तर असं कोणतं काम धरावं जे पुढची बॉडी आली तरी टिकंल?

सहीशिक्का
ताई, मी ग्रामसेवक आहे, आता आमचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, काम तेच. नांदेडकडं नोकरी.
त्या नऊ संकल्पनांना घाबरू नका. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ ला १७ उद्दिष्टं ठरवली, पंचायत राज मंत्रालयानं ती गावाला समजावीत म्हणून नऊ गटांत बसवली. खरा खेळ आराखड्यात असतो. ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर आराखड्यातलं जे काम चढलं त्यालाच पैसा, ठराव कितीही भारी असला तरी पोर्टलवर नसंल तर तो रजिस्टरात वाळतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात ६० टक्के बंधित होते, म्हणजे ठरलेल्या कामालाच, निम्मे पाण्याला आणि निम्मे स्वच्छतेला, बाकीचे ४० अबंधित, गावाच्या मर्जीचे. पेव्हर ब्लॉक त्या चाळीसातूनच निघायचे, म्हणून सगळ्या भांडणाचं मूळ तिथंच. बंधित पैशाची कामं मात्र कुणी आवडीनं सुचवत नाही, मग मार्चला घाईघाईत कुठंतरी नाली काढायची.
माझं ऐकाल तर सांडपाणी धरा. हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी गाव आहे, तिथं घरोघरी शोषखड्डे केले, उघड्या नाल्या बंद झाल्या आणि डासच गेले. पुढं तोच नांदेड पॅटर्न म्हणून रोहयोतून जिल्हाभर केला. साधारण चार फूट लांब-रुंद-खोल खड्डा, मधे छिद्रं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड, वरून झाकण. फक्त काळ्या मातीत करायला गेलात तर फसाल, मुरूम लागंपर्यंत खाली जावं लागतं. संडासचं पाणी त्यात सोडायचं नाही आणि पिण्याच्या विहिरीच्या जवळ तर खड्डाच नको. आणि टाकीतला गाळ काढायला लागतो अधूनमधून, हे लोकांना आधीच सांगा नाहीतर दोन वर्षांनी परत नाली मागायला येतेत.

मांजराकाठ
खड्डे करा हो, पण खड्ड्यानं टँकर बंद होत नसतो. मी लातूरचा, २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलंय, स्टेशनवर फोटो काढायला ही गर्दी. तेव्हा सगळे म्हणले आता शहाणे होऊ. झालो का? पाऊस बरा झाला की परत ऊस. आमच्या गावात शेततळी झाली, प्लास्टिक घातलेली, त्यात पावसाचं पाणी सोडून सगळं हाय, म्हणजे बोअरचं पाणी उपसून वर उन्हात वाळत घालायचं. आणि रात्री बोअरची गाडी येते, सकाळी ८०० फुटांचा बोअर झालेला असतो. २००९ चा भूजल कायदा हाय, ६० मीटरच्या खालच्या विहिरीवर बंधन हाय, पण गाडी अडवायला कोण जाणार, ग्रामसेवक? हिवरे बाजारचं उदाहरण देऊ नका परत, त्यांनी बोअर बंद केले, ऊस-केळी बंद केली, मान्य, पण तिथं गाव एक झालं. आमच्यात पोळ्याची मिरवणूक दोन निघते.

द्राक्षवाला_जालना
मांजराकाठ भाऊ चिडून लिहायलेत पण मुद्दा तोच हाय, फक्त तो आकड्यात मांडा म्हणजे भांडण कमी होतं. हे बघा. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर. समजा शिवार १ हजार हेक्टर, आणि वाईट वर्ष धरून पाऊस ६०० मिमी, तर ६०० कोटी लिटर पाणी आभाळातून आलं. आता गावाला प्यायला किती? जलजीवन योजनेच्या हिशोबानं माणशी रोज ५५ लिटर, २ हजार माणसं, ३६५ दिवस, म्हणजे ४ कोटी लिटर. सहाशेतलं चार! बाकीचं वाहून जातं, उन्हानं उडतं, पिकं पितात, खाली बेसाल्ट खडक त्यामुळं मुरतं कमीच. आता उसाकडं या, पाटपाण्यावर २ हजार मिमीच्या आसपास धरतात, म्हणजे हेक्टरी २ कोटी लिटर. पाच एकर ऊस जेवढं पाणी पितो तेवढ्यात तुमचं अख्खं गाव वर्षभर पितंय. हा हिशोब मी आमच्या ग्रामसभेत खडूनं भिंतीवर लिहिला होता, शिव्या बसल्या, पण भिंत कुणी पुसली नाही.
म्हणून आईंना सांगा, आधी मोजा. पर्जन्यमापक बसवा, पाच-सहा विहिरी निवडून दर महिन्याला दोरी सोडून पातळी घ्या आणि पंचायतीच्या भिंतीवर लिहा, शाळेची लेकरं करतात हे काम, आवडीनं करतात. त्याच आकड्यावरून दिवाळीत ठरवा रब्बीला काय पेरायचं. आमच्याकडं कडवंची गाव हाय, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रानं तिथं पाणलोटाचं काम केलं, आधी माथा मग पायथा. डोंगरावर पाणी मुरवायला चर नाहीत आणि खाली बंधारा बांधला तर दोन पावसाळ्यात गाळानं भरतो, आणि डोंगरगावात नेमकं उलटंच करतात कारण बंधारा रस्त्यावरून दिसतो आणि चर दिसत नाहीत. फोटो येत नाही त्याचा.

मांजराकाठ
पाच एकरवालं गणित मी उद्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. बघू कोण कोण ग्रुप सोडतं.

जात्यावरची_ओवी
मी परभणीची, बचत गटात आहे. गणित छान आहे दादा पण ताईंच्या आईला ग्रामसभेत बोलू कोण देणार ते सांगा आधी. आमच्याकडं काय होतं, कोरम लागतो १५ टक्के मतदार किंवा १०० यातला कमी आकडा, पहिल्या तारखेला मुद्दाम माणसं येत नाहीत, सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही, मग आठ-दहा जणांत सगळं मंजूर. त्यामुळं काकूंनी महिला सभा सोडू नये, ग्रामसभेच्या आधी घ्यावीच लागते, कागदावर उरकून टाकतात ते चालू देऊ नका. पाण्याचा विषय तिथं काढला तर बायका बोलतात, टँकरमागं किती तास जातात हे बापयांना माहीतच नसतं. आणि पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणला असतात, ते कुठं गेले एवढं विचारलं तरी सभा शांत होते, आमच्याकडं झाली होती.
दुसरं, वसुली. घरपट्टी-पाणीपट्टी कुणी भरत नाही मग मोटार जळली की वर्गणी. संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात पट्टी भरणाऱ्याला दळण फुकट केलं, लोक आपसूक भरायला लागले. पाणी मोफत असलं की नळाला तोटी राहत नाही हे मी स्वतः बघितलंय.

बालाघाटची_लेक
सगळ्यांचे आभार, आईला मोठ्यानं वाचून दाखवलं, पाच एकरवालं तिनं दोनदा वाचायला लावलं. ठरलंय असं की महिला सभा खरोखरची घ्यायची, शाळेच्या गुरुजींना धरून विहिरी मोजायला सुरुवात, आणि खालच्या आळीत ४० घरांचे शोषखड्डे आराखड्यात टाकायचे. सरपंच म्हणाले खड्डे घ्या, पेव्हर ब्लॉक पण घ्या, म्हणजे भांडण झालं नाही. झाडं पण आहेतच. ५०० ची २०० केली, पण पाणी घालायला माणूस नेमून.
आता एक अडलंय. पिण्याच्या विहिरीपासून शंभर-दीडशे पावलांवर एक खाजगी बोअर आहे, तो चालू झाला की विहिरीचं पाणी खाली जातं.

सहीशिक्का
सार्वजनिक पिण्याच्या विहिरीच्या ५०० मीटरच्या आत खाजगी विहीर-बोअर परवानगीशिवाय घेता येत नाही, हे १९९३ च्या कायद्यापासून आहे. ठराव करून तहसीलला अर्ज द्या. आधी पातळीची नोंद दोन-तीन महिन्यांची जोडा, बोअर चालू असतानाची आणि बंद असतानाची वेगळी. नुसत्या अर्जाला कुणी विचारत नाही.

बालाघाटची_लेक
नोंद ठेवू. पण बोअर माझ्या सख्ख्या चुलत्याचा आहे, आणि आईला निवडून आणायला सगळ्यात जास्त तेच फिरले होते.