प्रतिसाद: दुप्पट फायदा? उलटंच!
प्रत्येक मतदाराला दोन मतं (एक मतदारसंघातल्या उमेदवाराला, एक पक्षाच्या यादीला) म्हणजे मोठ्या पक्षाला दुप्पट फायदा, असं वर कुणीतरी म्हटलंय. स्कॉटलंडच्या संसदेत नेमकं उलटं होतं. तिथे १२९ पैकी ७३ जागा मतदारसंघांच्या, उरलेल्या ५६ प्रादेशिक यादीच्या, म्हणजे प्रत्येक विभागात पक्षांच्या यादीला पडलेल्या मतांवरून वाटायच्या. यादीची मतं मोजताना पक्षाने त्या विभागात आधीच जिंकलेल्या जागा अधिक एक, या आकड्याने ती भागतात. २०२१ मध्ये ग्लासगो विभागातल्या मतदारसंघांच्या नऊच्या नऊ जागा स्कॉटिश नॅशनल पार्टीने (एसएनपी) मारल्या. मग यादीत त्यांची मतं थेट दहाने भागली गेली आणि हाती आला भोपळा! तिथल्या यादीच्या सातपैकी चार जागा लेबर पक्षाला, दोन काँझर्व्हेटिव्हना, एक ग्रीनला. सगळ्या स्कॉटलंडमध्ये एसएनपीच्या एकूण ६४, बहुमताला एक कमी. (२०११ मध्ये मात्र ६९ मिळवून त्यांनी हेही गणित चुकवलं होतं.)