समालोचन कक्षात बसण्यासाठी स्त्रीने आधी देशासाठी खेळलेले असलेच पाहिजे का?

पूर्व स्टँड

१७ फेब्रुवारी २०१३ रोजी मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाने वेस्ट इंडीजला ११४ धावांनी हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा लिसा स्थळेकर यांनी सूर मारून टिपलेल्या झेलाने सामना संपला होता. त्या विजयानंतर लगेच त्यांनी आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती घेतली. १९७९ साली पुण्यात जन्मलेली आणि तान्हेपणीच श्रीवत्स संस्थेतून दत्तक गेलेली ही मुलगी सिडनीत क्रिकेट शिकली. एकदिवसीय क्रिकेटमध्ये हजार धावा आणि शंभर बळी असा दुहेरी पल्ला गाठणारी ती पहिली महिला ठरली. २०१५ मध्ये अंजुम चोप्रा, इशा गुहा आणि मेल जोन्स यांच्यासह त्या आयपीएलच्या समालोचनात आल्या आणि आज पुरुषांच्या सामन्यांतही त्यांचा आवाज ओळखीचा झाला आहे.

या प्रवासाचा मला मनापासून अभिमान आहे. मात्र या चौघींची नावे एकत्र लिहिताना जाणवते की चौघीही आपापल्या देशाकडून खेळलेल्या आहेत. समालोचक हर्षा भोगले आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळले नाहीत. मराठीत क्रीडा पत्रकार वि. वि. करमरकरांना आपण ऐकले ते त्यांच्या अभ्यासासाठी आणि भाषेसाठी. पुरुषाला आवाज, अभ्यास आणि शब्द यांच्या बळावर जे दार उघडते, त्याच दारात स्त्रीकडे मात्र विश्वचषकाचे पदक मागितले जाते, हा दुजाभाव आहे असे माझे मत आहे.

लेगकटर

आपल्या भावनेचा आदर आहे, पण निष्कर्ष पटत नाही. स्थळेकर यांचे समालोचन ऐकण्यासारखे होते ते नेमके त्या खेळल्या आहेत म्हणून. ऑफस्पिनरने चेंडूला उंची दिली, फलंदाज पुढे सरसावला आणि पुढच्याच चेंडूचा टप्पा किंचित मागे आला, तर त्यामागचा विचार त्या चेंडू पडण्याआधी सांगू शकतात. १२५ एकदिवसीय सामन्यांत १४६ बळी घेतल्यावर येणारी ही जाण ग्रंथालयात बसून येत नाही. अट चुकीची नाही. ती पुरुषांनाही लावावी, असे फार तर म्हणता येईल.

मैदानाबाहेर

मी आणखी एक पाऊल पुढे जाऊन लिहितो, आणि ते अनेकांना आवडणार नाही याची मला कल्पना आहे. महिलांच्या क्रिकेटमध्ये चेंडू वजनाने हलका असतो, सीमारेषा जवळ असते आणि गोलंदाजीचा वेग कमी असतो. ज्या खेळाडूने ताशी १४५ किलोमीटर वेगाचा चेंडू सामन्यात कधी खेळलेलाच नाही, तिने बुमराहसमोर उभ्या असलेल्या फलंदाजाचे पाऊल का हलले नाही हे सांगावे, हे मला पटत नाही. महिलांच्या सामन्यांत त्यांच्याइतके अधिकारी कोणी नाही, हे मात्र मी निःसंकोच मान्य करतो.

पूर्व स्टँड

मैदानाबाहेर, आपला मुद्दा मी गांभीर्याने घेतो, म्हणून सविस्तर उत्तर देतो. सुनील गावस्कर १९८७ मध्ये निवृत्त झाले. आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-२० सामना त्यांनी कधीच खेळला नाही, तरी अखेरच्या षटकांतील फलंदाजीविषयी ते बोलतात तेव्हा त्यांच्या अधिकाराबद्दल कोणी शंका घेत नाही. याचे कारण असे की अनुभवातून आलेली समज एका प्रकारच्या सामन्यापुरती मर्यादित राहत नाही, हे आपण पुरुषांच्या बाबतीत सहज स्वीकारतो. खेळपट्टी दोघांसाठीही बावीस यार्डांचीच असते. पाऊल का हलले नाही, डोके कुठे झुकले, यष्टिरक्षक किती मागे उभा होता, हे सारे पाहणाऱ्याला दिसते. वेग फक्त त्या चुकीची किंमत वाढवतो.

रेडिओचा श्रोता

मूळ लेखात एक नाव राहिले आहे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडूंच्या कन्या चंद्रा नायडू या भारतातील पहिल्या महिला क्रिकेट समालोचक मानल्या जातात. १९७७ च्या सुमारास इंदूरला इंग्लंडहून आलेल्या एमसीसी संघाच्या सामन्याचे समालोचन करणाऱ्या या बाई पेशाने इंग्रजीच्या प्राध्यापक होत्या. म्हणजे आपण ज्या अटीवर वाद घालतो आहोत, तिचे आज दिसते तसे रूप तेव्हा नव्हते.

क्षेत्ररक्षक क्रमांक बारा

मी विद्यापीठाच्या संघातून खेळले आहे आणि आता तालुक्याच्या ठिकाणी मुलींना शिकवते. पूर्व स्टँड यांचा हेतू चांगला आहे, तरीही मी त्यांच्या विरोधात लिहीत आहे. ही अट उद्या काढली, तर त्या जागी कोण येईल याचा विचार त्यांनी केलेला नाही. २००३ च्या विश्वचषकात अभिनेत्री मंदिरा बेदी यांनी दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम सांभाळला तेव्हा त्यांच्या प्रश्नांपेक्षा त्यांच्या साड्यांची चर्चा अधिक झाली. दोष त्यांचा नव्हता, पाहणाऱ्यांच्या नजरेचा होता, पण ती नजर अजून गेलेली नाही. 'खेळलेली आहे' एवढा एकच शब्द आज मुलीला त्या नजरेपासून वाचवतो.

दुसरी गोष्ट उपजीविकेची आहे. स्थळेकर खेळत होत्या त्या काळात केवळ महिला क्रिकेटवर घर चालत नव्हते. त्याच २०१३ च्या स्पर्धेत वानखेडेवरील महिलांचे सामने रणजीच्या अंतिम सामन्यासाठी ब्रेबॉर्नवर हलवण्यात आले होते, आणि इतके दुय्यम स्थान ज्यांनी सोसले त्यांच्या वाट्याला निवृत्तीनंतर एक ध्वनिक्षेपक आला असेल, तर तो इतरांना वाटून टाकण्याची घाई मला पटत नाही.

पूर्व स्टँड

ताई, दुसऱ्या मुद्द्यापुढे मी निरुत्तर आहे. पहिल्यावर मात्र अडतो. नजर बिघडलेली आहे म्हणून पात्रतेची रेषा वर न्यायची, तर ज्या मुलीला संघात जागा मिळाली नाही पण खेळ नीट कळतो, तिने काय करावे? २०२३ पासून आयपीएलचे समालोचन मराठीतही येते. तिथे स्पर्धा निव्वळ खेळाडूंची ठेवली, तर भाषा कोण घडवणार? समालोचक बाळ ज. पंडितांनी मराठीला क्रिकेट बोलायला शिकवले, तसे काम एखादी मुलगीही करू शकेल, आणि ती राष्ट्रीय संघातूनच येईल असे नाही.

क्षेत्ररक्षक क्रमांक बारा

भाषेचा मुद्दा मान्य. आमच्याकडे टेनिस चेंडूच्या स्पर्धांत दिवसभर मराठी समालोचन चालते आणि आता ते यूट्यूबवरही जाते. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत मी ध्वनिक्षेपक मागितला, तेव्हा आयोजकांनी मला पाहुण्यांना पुष्पगुच्छ देण्याचे काम सांगितले. मी पुन्हा मागितला. उपांत्य सामन्यातील दोन षटके मिळाली आणि ती संपल्यावर तिसऱ्या षटकासाठी कोणी माझ्या हातून ध्वनिक्षेपक काढून घेतला नाही.

यंदाच्या स्पर्धेसाठी मी दोन मुलींची नावे दिली आहेत. एक एकोणीस वर्षांखालील जिल्हा संघातून खेळली आहे. दुसरी कधीच संघात आली नाही, पण चार हंगाम आमची धावपुस्तिका तिच्याकडे आहे आणि कोणत्या फलंदाजाला कोणता चेंडू लागत नाही हे ती वही न उघडता सांगते. दोघींना आळीपाळीने दोन-दोन षटके देणार आहे. त्यांतली खेळलेली कोणती, हे मी आधी कोणाला सांगणार नाही. लेगकटर, आपण ऐकावे आणि ओळखून इथे लिहावे.

लेगकटर

अवश्य ऐकेन. ओळखता आले नाही, तर तेही इथेच लिहीन.