सुट्टीतल्या कोवळ्या प्रेमाचे सिनेमे सुचवा

रानजाई:
भाची चौदा वर्षांची आहे, सुट्टीभर माझ्याकडेच राहणार आहे. दोघींना एकत्र बसून बघता येतील असे सिनेमे हवेत. शाळेला सुट्टी, नवी ओळख, पहिलंवहिलं प्रेम, असं काहीतरी. ‘शाळा’ आणि ‘टाइमपास’ बघून झालेत. परभाषेतले चालतील, सबटायटल्स ती भराभर वाचते. फक्त मुलं त्यांच्या वयाची वाटायला हवीत.

पाऊलवाट:
आधी ‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’ (१९९५) लावा. जपानी अॅनिमेशन आहे, घिब्ली स्टुडिओचं. शिझुकू सुट्टीत वाचनालयातून पुस्तकामागून पुस्तक आणते आणि प्रत्येक पुस्तकाच्या कार्डावर तिच्या आधी एकाच मुलाचं नाव असतं. कोण असेल हा? इथून जे सुरू होतं ते फार सुंदर आहे. सुट्टी लवकर संपते, बराचसा सिनेमा शाळा उघडल्यावरचा आहे, तरी चौदाव्या वर्षासाठी याहून चांगला मला माहीत नाही. त्या मुलाला व्हायोलिन बनवायला शिकायचंय. त्याचं ठरलंय आणि आपलं काहीच नाही, ही शिझुकूची तगमग प्रेमाइतकीच खरी आहे. मग ती गोष्ट लिहायला बसते, अभ्यास मागे पडतो, घरचे काळजीत पडतात. योशिफुमी कोन्डो यांनी दिग्दर्शित केलेला हा एकमेव चित्रपट, याची मला आजही हळहळ वाटते.

तळटीप:
‘मूनराइज किंगडम’ (२०१२). १९६५ सालचं एक बेट, बारा वर्षांचे सॅम आणि सूझी पत्रांतून बेत ठरवून पळून जातात. सूझी सोबत काय घेते बघा: दुर्बीण, रेकॉर्ड प्लेयर आणि पुस्तकांनी भरलेली सूटकेस! एक चुंबनदृश्य आहे आणि एक कुत्रा मरतो, तेवढं आधी माहीत असू द्या.

पाऊलवाट:
‘ग्रीस’ मात्र या यादीत नको. गाणी झकास, पण सुट्टीतलं प्रेम सुरुवातीलाच आटोपतं, आणि शाळकरी सँडी झालेली ऑलिव्हिया न्यूटन-जॉन तेव्हा तिशीला टेकली होती. ताईंची अट तिथेच मोडते.

सांजवेळ:
‘द वे वे बॅक’ (२०१३) बघाच. चौदा वर्षांचा डंकन, आईच्या मित्राबरोबर नाइलाजाने काढलेली सुट्टी. तो माणूस गाडीत त्याला विचारतो, दहापैकी स्वतःला किती गुण देशील? आणि स्वतःच सांगतो, तीन. पोरगा पुढे वॉटर पार्कमध्ये काम करू लागतो आणि हळूहळू खुलतो. शेजारच्या मुलीशी जुळतं, पण प्रेमकथा बेताचीच आहे.
‘माय गर्ल’ (१९९१) गोड वाटतो, पण त्यात एका लहान मुलाचा मृत्यू आहे. भाची हळवी असेल तर आधी बोलून घ्या.

रानजाई:
हळवी आहे, त्यामुळे ‘माय गर्ल’ मी आधी एकटीच बघेन. आज रात्री शिझुकू. कार्डाचं वाचून भाचीने आत्ताच लॅपटॉप उघडलाय.