सातव्या वर्षी जमिनीला विसावा: ज्यू शेतकरी खरंच देतात का?

काळीमाय (केज, जि. बीड)
रामराम मंडळी. आमची सात एकर आहे, सगळी भारी काळी. बारा वर्षं झाली, सोयाबीन आन् मागून हरभरा, दुसरं काही नाही. आधी एकरी नऊ क्विंटल सोयाबीन पडायचं, आता सहाला दम लागतो. खत मात्र दीडपट.

परवा एक ढेकूळ बांधावरचं आणि एक वावरातलं, अशी दोन घरी आणली. दोन काचेच्या ग्लासांत पाणी भरून हळूच सोडली. बांधावरचं ढेकूळ तासाभरानंही आकार धरून होतं, पाणी नितळ. वावरातल्याचा पाच मिनिटांत गाळ झाला. मला त्या रात्री झोप आली नाही. बांधाला आम्ही काहीच दिलं नाही, आणि वावराला बारा वर्षं देतच आलो.

ज्यू लोकांत सातव्या वर्षी जमीन पेरत नाहीत असं कॉलेजात एका मित्राकडून ऐकलं होतं. बाबांना म्हटलं, दरसाल एक-एक एकर पड टाकू. ते एवढंच म्हणाले, "आन् त्या वर्षी खायचं काय?" बहात्तरचा दुष्काळ बघितलेला माणूस आहे, त्यांना मी काय सांगणार? कोणाला नीट माहिती असेल तर लिहा.

शनिवारतेली (छ. संभाजीनगर)
दादा, मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरातली. मूळ गाव अलिबागकडचं, इथे नोकरीला आहे. आमच्या पूर्वजांना कोकणात शनिवार तेली म्हणत, कारण ते तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. म्हणजे त्या दिवशी घाण्याच्या बैलालाही सुट्टी. ही आमच्या घरची मेहेरबानी नव्हती. आमच्या धर्मातल्या दहा आज्ञांमध्ये शब्बाथाच्या, म्हणजे शनिवारच्या, विसाव्यात चाकर आणि जनावर दोन्ही येतात.

जमिनीच्या विसाव्याला शमिता म्हणतात. तोरा या आमच्या धर्मग्रंथातल्या लेवीय पुस्तकाच्या 25व्या अध्यायात आहे: सहा वर्षं पेरा, सातव्या वर्षी पेरणी नाही, छाटणी नाही. आपोआप उगवेल ते मालकाचं एकट्याचं नाही. गडी, परका, गुरंढोरं, रानातली जनावरं, सगळ्यांचं. झाडं मरू नयेत एवढं पाणी देता येतं. हा नियम फक्त इस्राएलच्या भूमीला लागू आहे, म्हणून आमच्या कोकणातल्या आज्यापणज्यांनी तो पाळला नाही. तिकडे मागचं शमिता वर्ष 2021-22 होतं, पुढचं 2028-29. सगळेच शेती थांबवत नाहीत. जमीन तेवढ्या काळापुरती बिगर-ज्यू माणसाला विकल्याचा कागद करून शेती चालू ठेवण्याची सोय 1888-89 पासून आहे. त्यावर रब्बींमध्ये, म्हणजे आमच्या धर्मगुरूंमध्ये, आजही वाद आहे.

आता तुमच्या बाबांबद्दल. त्यांचा प्रश्न त्याच अध्यायात जसाच्या तसा आहे! "सातव्या वर्षी आम्ही काय खावं?" असं लोक विचारतील, असं तिथे लिहिलंय. विचारणाऱ्याला कुणी अश्रद्ध म्हटलेलं नाही. त्याला उत्तर दिलंय, की सहावं वर्ष पुरेसं देईल. बाबांना हे जरूर वाचून दाखवा.

मातीवाला (परभणी)
बाराव्या शतकातला ज्यू पंडित मोशे बेन मैमोन, जो कैरोत वैद्य होता, त्यानं लिहून ठेवलंय की पड राहिल्यानं जमिनीचा कस वाढतो. नंतरच्या काही रब्बींना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, विसावा उत्पन्न वाढवायला नाही, जमीन देवाची आहे हे आठवायला आहे.

मी मातीपुरतं बोलतो. आपल्याकडे खरीप पड ठेवून ओलीवर रब्बी ज्वारी घ्यायची रीत जुनीच आहे. पण भाऊ, उघडी पड ठेवू नका. आपल्या पावसात नुसती कुळवलेली काळी वाहून जाते. मृगाला ताग पेरा, एकरी वीस-पंचवीस किलो, आणि फुलावर यायच्या वेळी, साधारण पंचेचाळीस दिवसांत, गाडा. तुमच्या ग्लासातला फरक सेंद्रिय कर्बाचा आणि न मोडलेल्या मुळांचा आहे.

गोदाकाठ (गंगाखेड)
त्या सातव्या वर्षी कर्जही माफ व्हायचं असं वाचलंय. खरं का, ताई? मग सहाव्या वर्षी उसनं कोण देत असेल?

शनिवारतेली
खरं आहे, आणि नेमकं तेच झालं. लोकांनी गरिबाला द्यायचं बंद केलं. ते बघून हिल्लेल नावाच्या गुरूनं, दोन हजार वर्षांपूर्वी, प्रोझबुल नावाचा कागद काढला. कर्ज न्यायसभेच्या स्वाधीन करायचं, मग ते बुडत नाही. कायदा गरिबासाठी होता, आणि त्याच्यामुळे गरिबाचीच अडचण व्हायला लागली तेव्हा त्यानं वाट काढली. मला हिल्लेल त्यासाठी फार मोठा वाटतो.

दादा, एक सांगायचं राहिलं. तिथला विसावा सगळ्या देशाचा एकाच वर्षी असतो. तुमचा दरसाल एक-एक एकर, तो तुमचा स्वतःचा हिशोब.

काळीमाय
ताई, काल रात्री जेवण झाल्यावर बाबांना सगळं वाचून दाखवलं. खायचं काय, या ओळीला त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. मग विचारलं, बैलाचं आणखी काय लिहिलंय? त्याच तोरातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात शोधलं, 25वा अध्याय: मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नये. बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, त्यांचे वडील खळ्यावर पात धरली की बैलांची मुसकी सोडून तिवड्याला अडकवायचे. दिवसाला पायलीभर ज्वारी बैलं खायची, शेजारी नावं ठेवायचे. हे मला आजवर माहीत नव्हतं.

एक एकर ठरलं. विहिरीकडचं नाही, बाभळीकडचं. अर्ध्यात ताग, अर्ध्यात येईल ते गवत. ते गवत तांड्यावरच्या शेळीवाल्यांनी कापून न्यावं, असं बाबांनीच सांगितलं.

मातीवाले भाऊ, घरचं बी नाही. तागाचं बी परभणीकडं मिळेल का, की मृगाच्या आधी लातूरला जाऊन यावं?