मसाला चहाचा प्रकृतीला खरोखर उपयोग होतो का?

प्रश्न (शाहूपुरी, कोल्हापूर)
आमच्या सासूबाई ६७ वर्षांच्या असून त्यांना मधुमेह आहे आणि हिमोग्लोबिनही कमी असल्याने डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत. पावसाळा लागला की आमच्याकडे आले, वेलदोडा, लवंग, मिरी आणि दालचिनी घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळाचा चहा होतो. हा चहा औषधी आहे आणि गूळ असल्यामुळे साखर वाढत नाही, उलट रक्त वाढते, अशी त्यांची ठाम समजूत आहे. सकाळची गोळीसुद्धा त्या याच चहाबरोबर घेतात. यात तथ्य किती आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १
मसाल्यांचे गुण खोटे नाहीत, प्रश्न केवळ प्रमाणाचा आहे. आल्यातील जिंजेरॉलमुळे मळमळ कमी होते, याला चांगला आधार आहे, आणि लवंगेतील युजेनॉल दातांच्या उपचारांत वापरले जाते. परंतु कपात उतरणारा अंश इतका अल्प असतो की त्याने एखादा आजार हटेल, असे मानणे कठीण आहे. पावसात भिजून आल्यावर घशाला शेक मिळतो आणि बरे वाटते, तेवढे श्रेय मात्र चहाला निःसंकोच द्यावे. तो उकळता पिऊ नये, एवढेच. ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेये नेहमी पिणे अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या दृष्टीने संभाव्य धोक्याचे असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नमूद केले आहे.

उत्तर २
मला मसाल्यापेक्षा त्या गोळीची काळजी वाटते. चहातील टॅनिन लोहाला बांधून ठेवते आणि त्याचे शोषण घटवते, म्हणजे ज्या गोळीने रक्त वाढायचे तिचाच परिणाम सासूबाई रोज सकाळी कमी करीत आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळण्यास सांगितले आहे, आणि गोळीच्या बाबतीत तर हे अंतर अधिकच कटाक्षाने पाळावे. गोळी पाण्याबरोबर किंवा बिनसाखरेच्या लिंबूपाण्याबरोबर घेता येईल, कारण क जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण सुधारते. नेमकी वेळ आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

उत्तर ३
आमचे गुऱ्हाळ असल्याने गुळाविरुद्ध लिहिताना जिवावर येते, पण खरे तेच सांगतो. गुळात थोडेफार लोह व इतर खनिजे असतात, तरी त्याचा मोठा भाग शेवटी साखरच आहे आणि रक्तातील साखर तोही वाढवतोच. प्रत्येक कपात दोन चमचे गूळ पडत असेल, तर पाच कपांचे दहा चमचे होतात, आणि मधुमेहाच्या माणसाला ते निश्चितच जास्त आहे. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, याचा आम्हाला अभिमान आहे. ते मानांकन गुळाच्या मूळ स्थानाचे आणि वैशिष्ट्यांचे आहे, मधुमेहाला चालण्याचे नव्हे.

प्रश्नकर्तीचे उत्तर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. गोळीची गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. आज मसाल्याचा डबा पाहिला, तेव्हा त्यात ज्येष्ठमधाची पूडही बरीच असल्याचे कळले. सासूबाईंना रक्तदाबाचाही त्रास आहे. तो घटक चालेल का?

उत्तर २
ज्येष्ठमध आधी काढून टाका. त्यातील ग्लायसिरायझिन शरीरात मीठ व पाणी धरून ठेवते, पोटॅशियम कमी करते आणि रक्तदाब वाढवते. रोज अनेक कपांतून ते पोटात जात असेल, तर त्याचा परिणाम साठत जातो. मागील भेटीत रक्तदाब वाढलेला आढळला असेल, तर डॉक्टरांना या पुडीविषयी आवर्जून सांगा, म्हणजे रक्तदाबाच्या गोळीची मात्रा वाढवण्यापूर्वी ते याचा विचार करतील. आले आणि वेलदोडा खुशाल राहू द्या.