गोचिडांवर खात्रीचा उपाय सांगा (बजेट हजार रुपये, त्यातच बसवा)

शहापूरचा_माग
मंडळी, बेळगावच्या शहापुरात राहतो. आमच्यात बंड्या म्हणून कुत्रं आहे. गावठी, चार वर्षांचं, वजन अठरा किलो. वळीव पडून गेल्यापासून गोचिडांनी जीव नको केलाय. कानाच्या घडीत, पायाच्या बोटांत, शेपटीच्या बुडाला. रोज संध्याकाळी चिमटा आणि साबणाच्या पाण्याची वाटी घेऊन बसतो, सकाळी परत तेवढेच. काल तर कापड विणायच्या मागाच्या खोलीत एक टम्म फुगलेला, राखाडी, एरंडाच्या बीएवढा गोचीड भिंतीवरून सरळ आढ्याकडं चाललेला. घर आजोबांच्या वेळचं, दगड-मातीचं. माग बंद पडून वर्षं झाली, आता त्याच्याखाली बंड्या झोपतो.

मेडिकलवाल्यानं तीन वस्तू पुढं ठेवल्या: गोळी, मानेवर सोडायचे थेंब आणि गळ्यात घालायचा पट्टा. कशानं जातात तेवढं सांगा. बजेट हजार, सगळं मिळून. घरात वयस्कर अप्पा आहेत आणि चार वर्षांची पुतणी आहे, ती दिवसभर बंड्याच्या गळ्यात पडलेली असते. तेही धरून सांगा.

टिळकवाडीकर
डोळे झाकून गोळी द्या. तीन महिने चालणारी. आमच्या ब्रूनोला (लॅब्राडॉर, चौतीस किलो, बापाकडून केनेल क्लबचे कागद आहेत) मी दुसरं काही वापरतच नाही. खायला चवदार असते, बिस्किटासारखी मागून खातो. दोन हजारांच्या पुढं जाते, पण तीन महिने डोकं शांत. जनावर पाळायचं तर खर्चाला मागंपुढं बघू नये. ब्रूनोच्या खोलीत उन्हाळ्यात एसी असतो आमच्याकडं.

शहापूरचा_माग
साहेब, हजार लिहिलंय वर. एसी अप्पांच्या खोलीतही नाही.

निपाणीचा_पाहुणा
कशाला हे गोळ्या-बिळ्या. आमच्या निपाणीत तंबाखूला तोटा नाही. वखारीतला खालचा चुरा आणायचा, रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी गाळून त्या पाण्यानं अंघोळ. गोचीड पटापट गळतात. आमचे आजोबा बैलांना हेच करायचे. खर्च शून्य.

अनगोळची_मावशी
अहो दादा, बैल आणि कुत्रं एक नव्हे! कुत्रं अंग चाटतंय. तंबाखूतलं निकोटीन पोटात गेलं तर उलट्या, लाळ, झटके. आमच्या शेजारी एकानं हेच केलेलं, रात्री कुत्रं उचलून दवाखान्यात पळावं लागलं. वाचलं, नशीब त्याचं. जनावरांच्या गोठ्यात फवारायचं औषधही असंच. म्हशीला लावतात म्हणून कुत्र्याला लावायचं नाही. किती पाण्यात किती, हे कोण मोजतंय? आमच्या दिरानं झाकणानं मोजलं होतं!
मी कडुलिंबाचं तेल वापरते. वास मारतो तेवढा.

निपाणीचा_पाहुणा
मावशी, आजोबांच्या एका बैलाला काही झालं नाही.

मुधोळवाला
मूळ मुद्दा कोणी बोलंना झालंय. गावठी पाळलं की हे भोगायचं. मुधोळ हाउंड घ्या. अंगावर केस एकदम बारके, गोचीड लपायला जागाच नाही. गोकाक ओलांडून पुढं गेलं की मुधोळ आलंच, तिथं तिम्मापूरला सरकारी केंद्र आहे, पिल्लं मिळतात. मुधोळच्या राजेसाहेब मालोजीराव घोरपड्यांनी ही जात सांभाळली, इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली. २००५ साली पोस्टाचं तिकीट निघालं. लष्करानंसुद्धा घेतलीत मेरठला. आणि आपण बेळगावात बसून लॅब काय, हस्की काय! हस्की! आपल्या मे महिन्यात!

टिळकवाडीकर
तिकिटावर मुधोळ एकटा नव्हता. रामपूर, राजापालयम आणि हिमालयन शीपडॉगही त्याच मालिकेत होते. आणि लॅबला काय झालं? स्वभावानं मुधोळपेक्षा शंभर पट चांगला. मुधोळ अंगणात ठेवून बघा, मांजर दिसलं की भिंत ओलांडून पसार.

मुधोळवाला
शिकारी जात आहे, नजरेवर धावते. लुसलुशीत सोफ्यावर पसरायला नव्हे ती. तुमच्या ब्रूनोला चौतीस किलो कशानं आलेत ते आधी बघा.

खानापूरचा_गोठा
मुधोळला गोचीड होत नाहीत हे कोण सांगितलं तुम्हाला? बारक्या केसांत लवकर दिसतात, एवढाच फरक. आमच्यात मुधोळ-क्रॉस आहे, कान उघडून दाखवतो या. आणि वळिवात एवढे झालेत म्हणता, खानापुरात येऊन बघा. जांबोटीकडं पाऊस लागला की कुत्रं काय, माणसंसुद्धा वाळत नाहीत.
उपाय सांगतो. गोठ्यात आम्ही गॅसच्या बर्नरनं भिंती भाजून काढतो. दगडाच्या फटीत आग मारायची, अंडी-बिंडी सगळं खलास. सिलिंडर घरचाच, खर्च काय नाही.

शहापूरचा_माग
भावा, वर सागवानी तुळया, खाली लाकडी माग, कोपऱ्यात सुताच्या कांड्यांचं पोतं. गोचिडांबरोबर आम्हीही जाऊ.

येळ्ळूर_गडाखाली
दोन गावठी कोंबड्या सोडा घरात. गोचीड टिपून खातात. आमच्यात एकही नाही.

अनगोळची_मावशी
आणि बंड्या कोंबड्या टिपून खाल्ला तर?

पांढरा_कोट
जनावरांच्या दवाखान्यात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. थोडं लांबेल, पण पूर्ण वाचा.

बंड्याच्या अंगावर दिसतात ते थोडे. बाकीचे घरात आहेत. कुत्र्यांवर बहुतेक जो तपकिरी गोचीड असतो तो घरातच संसार मांडतो. मादी रक्त पिऊन फुगली की स्वतःहून खाली पडते आणि फटी शोधत भिंतीवर चढते. तुम्हाला आढ्याकडं चाललेली दिसली ती हीच. तिथं हजारांनी अंडी घालते आणि मरते. पिल्लं निघाली की खाली येऊन कुत्र्यावर चढतात, रक्त पितात, उतरतात, कात टाकतात, परत चढतात. असं तीन वेळा. मोठा झालेला गोचीड उपाशीपोटी महिनोन्महिने फटीत बसून राहू शकतो. म्हणून चिमट्यानं कितीही काढा, सकाळी परत तेवढेच. औषध कुत्र्याला आणि काम घराला, दोन्ही एकदम केलं तरच उपयोग.

काढताना चिमटा कातडीला टेकवून तोंडाजवळ धरा, सरळ ओढा. नखांवर चिरडू नका, रॉकेल ओतू नका, काडी लावू नका.

रोज हिरड्या बघा. गुलाबी हव्यात. पांढरट झाल्या, जेवण सोडलं, ताप आला किंवा नाकातून रक्त आलं तर ही चर्चा बंद करून त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. एर्लिकिया किंवा बबेसिया, म्हणजे गोचिडातून रक्तात शिरणारे रोग, निघू शकतात, प्लेटलेट झपाट्यानं पडतात. एर्लिकिया वेळेत कळला तर डॉक्सिसायक्लिनचा साधारण चार आठवड्यांचा कोर्स देतात, बहुतेक कुत्री सावरतात. बबेसियाची औषधं वेगळी. मेडिकलमधून मनानं आणून देऊ नका.

आता एक प्रश्न, उत्तर नक्की द्या. बंड्याला कधी फिट आली होती का? अगदी लहानपणीसुद्धा?

हिंडलग्याहून
गोळीच द्या. आमच्यातही गोळीच. बेस्ट.

चिकोडी_एक्सप्रेस
ते माकडताप यानंच होतो ना? मागं सत्तरीला आणि दोडामार्गाला माणसं गेली होती. पुतणी लहान आहे म्हणताय, सांभाळा बाबा. मी तर कुत्रं सोडून दिलं असतं.

पांढरा_कोट
नाही. माकडताप १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला, तो पसरवणारा गोचीड जंगलातला, वेगळ्या जातीचा. काजूच्या बागेत, रानात पालापाचोळा गोळा करणाऱ्यांना धोका जास्त. रानात माकडं मरून पडलेली दिसली तर आरोग्य खात्याला कळवतात ते त्यासाठी. शहापुरातल्या मागाखाली झोपणाऱ्या कुत्र्याचा त्याच्याशी संबंध नाही. आणि कुत्रं सोडून देणं हा उपाय नव्हे, गोचीड भिंतीतच राहणार आणि मग माणसांकडं वळणार.

खानापूरचा_गोठा
बरोबर. दोडामार्ग आम्हाला लागूनच. आमच्या भागात रानात जाताना पायाला तेल लावून जायला सांगायचे खात्याचे लोक.

टिळकवाडीकर
पट्ट्याबद्दल कोणी काही बोललं नाही म्हणून सांगतो. एका दुकानातून घेतला होता, नाव घेत नाही. आठ महिने चालतो म्हणाला, पंधरा दिवसांत त्याच पट्ट्यावर गोचीड बसलेला. पैसे परत मागितले तर म्हणतो, तुमच्या कुत्र्याची मान जाड आहे.

मुधोळवाला
खरं बोलला बिचारा.

अनगोळची_मावशी
पट्टा नकोच. लहान पोरगी गळ्यात पडते म्हणतोय ना तो. पट्ट्यातलं औषध हाताला, हात तोंडाला. थेंबही काही कामाचे नाहीत, मी तीनदा आणले, पैसे पाण्यात. कडुलिंब!

हुक्केरी_४४
थेंब फसवणूक आहे. आमच्या पामेरियनला सोडले, दुसऱ्या दिवशी अंघोळ घातली, चौथ्या दिवशी जैसे थे.

पांढरा_कोट
दुसऱ्या दिवशी अंघोळ घातलीत तर जैसे थेच राहणार. फिप्रोनिल हे गोचीड मारायचं औषध, त्याचे थेंब कातडीच्या तेलातून अंगभर पसरतात. सोडायच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस पाणी नाही. केस बाजूला करून कातडीवर सोडायचे, केसांवर नाही. लागल्या लागल्या गोचीड पडत नाहीत, एक-दोन दिवस लागतात. मावशी, तुम्ही कसे सोडले होते?

अनगोळची_मावशी
पाठीवर चोळले तेलासारखे. आणि रविवारी अंघोळ असतेच आमच्यात.

शहापूरचा_माग
कोट काका, उशीर झाला उत्तराला, दुकानात गर्दी होती. होय, बंड्याला दीड-दोन महिन्यांचा असताना डिस्टेंपर (पिल्लांना होणारा तो विषाणूचा आजार) झालेला. वाचला, खरं वर्षभर मधूनमधून फिट यायची. आता बरीच वर्षं नाही. का विचारलंत?

पांढरा_कोट
कारण सगळे डोळे झाकून सांगतायत त्या गटातल्या गोळ्या, ज्या कुत्र्यांना पूर्वी फिट येत होती त्यांना जपून द्यायला सांगतात. निरोगी कुत्र्याला चालते, लाखो कुत्री खातात. पण बंड्याला देण्याआधी ज्या डॉक्टरांनी त्याला बघितलंय त्यांना हा इतिहास सांगा आणि त्यांनी ठरवू दे.

हिंडलग्याहून
आमच्यात काही झालं नाही गोळीनं. द्या बिनधास्त.

टिळकवाडीकर
फिट आलेलं वर लिहायला नको होतं का? मी उगाच एवढं सांगत बसलो. ब्रूनोला मात्र गोळीच.

खानापूरचा_गोठा
ते भिंतीचं काय करणार ते सांगा. कुत्र्याला सोन्याचं औषध घाला, भिंत तशीच ठेवलीत तर पावसाळाभर हेच.

शहापूरचा_माग
सगळ्यांचे आभार. केलं ते सांगतो, तुम्हाला पटणार नाही.

डॉक्टरांकडं जाऊन आलो. फिटचं सांगितल्यावर त्यांनी गोळी नको म्हणाले, थेंब दिले. होय, तुम्ही सगळ्यांनी शिव्या घातलेले तेच. पुतणीला दोन दिवस आत्याकडं वडगावला पाठवली, म्हणजे औषध वाळेपर्यंत गळ्यात पडायला नको. हिरड्या बघितल्या, गुलाबी आहेत, रक्तही तपासलं, तो खर्च बजेटच्या बाहेर गेला. अप्पा म्हणाले हजार कुत्र्याच्या औषधाला, रक्ताचे मी देतो.

भिंतीला बर्नर शक्यच नव्हता. गल्लीतल्या गवंड्याकडनं उरलेलं सिमेंट आणि चाळलेली वाळू आणली, फटी बुजवल्या, वर घट्ट चुना मारला दोन हात. पायाशी जमीन आणि भिंत मिळते तिथली फट सगळ्यात वाईट निघाली, खरवडली तर नुसती कातच कात. पोती जाळली अंगणात. मागाच्या लाकडाच्या खाचा ब्रशनं घासून उन्हात काढायच्या होत्या, खरं माग हलवू म्हटलं की अप्पा बोलायचं बंद करतात. म्हणून माग जागेवर आणि बंड्या बाहेर, ओसरीत लोखंडी कॉटवर. कॉटचे चारी पाय पाण्याच्या डब्यात ठेवलेत. हे अप्पांचं डोकं, पूर्वी मुंग्यांसाठी दुधाच्या कपाटाला करायचे.

थेंब, सिमेंट, चुना धरून नऊशेच्या आसपास. अंगावरचे कमी झालेत, गेले नाहीत. परवा दोन मेलेले सापडले अंथरुणात.

पांढरा_कोट
उत्तम केलंत. फटीतून उरलेले अजून निघत राहतील, महिना झाला की थेंब परत. डब्यातलं पाणी दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतील.

अनगोळची_मावशी
रक्त तपासलंत ते बरं केलंत. चुन्यात थोडं कडुलिंबाचं तेल घातलं असतं तर?

निपाणीचा_पाहुणा
चुना आणलातच, तर तंबाखू तेवढी राहिली.

येळ्ळूर_गडाखाली
उरलेल्या शंभरात कोंबडीचं पिल्लू येतंय.

मुधोळवाला
मी रविवारी तिम्मापूरला जाणार आहे. कोणाला पिल्लू बघायचं असेल तर सांगा, गाडीत एक जागा आहे. ब्रूनोवाले नकोत.